पंचनामासाहेबांचे पंखे

त्यांच्या पाठीमागून कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. चाकणच्या आमच्या कंपनीत मी डिस्पॅचला लागलो, त्या पहिल्याच आठवड्यात मला हा धडा मिळाला. लेबलं छापणारा प्रिंटर अडला होता, म्हणून मी सिस्टिम विभागात गेलो आणि त्यांच्या खुर्चीमागे उभा राहून तक्रार सांगायला लागलो. खांद्याला हात लावला तेव्हा ते असे वळले, की जणू मी त्यांच्या खिशातच हात घातला होता.

"समोर या," ते म्हणाले. "काय आसंल त्ये समोर यिऊन बोला. मागनं बोलणाऱ्यांचा आमाला लई अनुभव हाय."

मी समोर गेलो. प्रिंटरचं सांगायला लागलो, तर ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. माझं सांगून झाल्यावर म्हणाले, "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. आणि का कोण जाणे, दुसऱ्यांदा सांगताना माझं मलाच वाटायला लागलं, की आपण यातलं काहीतरी लपवतोय.

ऑफिसात सगळे त्यांना पंचनामासाहेब म्हणत. अर्थात तोंडावर नाही.

कासारवाडीच्या जुन्या गावठाणातलं त्यांचं घराणं. शेती कारखान्यांखाली गेली आणि शेतकऱ्यांची पोरं त्याच कारखान्यांच्या गेटावर उभी राहिली, त्या पोरांतले ते एक. थोरल्या मालकांच्या काळात ते आमच्या प्रेस शॉपमध्ये लागले. पत्र्याला दाबून आकार देणाऱ्या मोठमोठ्या प्रेस तिथे दिवसभर धाडधाड पडतात, आणि त्या काळी कानात घालायला कापसाच्या बोळ्याशिवाय काही नव्हतं. पुढे कंपनीत पहिला कॉम्प्युटर आला. त्याला हात लावायला कुणी धजेना, तेव्हा हे म्हणाले, "आना हिकडं, खातंय का बगू." तेव्हापासून ते सिस्टिमवाले. वर्षं गेली, कॉम्प्युटर वाढले, हे मात्र त्यांच्याकडे "खातंय का बगू" याच नजरेनं बघत राहिले.

त्यांचे एकेक नमुने सांगण्यासारखे होते. प्रत्येक कॉम्प्युटरच्या मागच्या स्क्रूवर त्यांनी नेलपॉलिशचा ठिपका दिलेला असे. ठिपका तडकला म्हणजे कुणीतरी मशीन उघडलं. नेलपॉलिश बायकोचं होतं. एकदा लाल संपलं आणि गुलाबी आलं, तर त्या सबंध वर्षात दुरुस्त झालेल्या मशीनना आम्ही 'नवऱ्या मुली' म्हणायचो. पासवर्ड टाकताना ते कीबोर्डवर रुमाल पसरत आणि रुमालाखाली हात घालून टाइप करत. चहा डोळ्यांदेखत ओतलेला नसेल तर पीत नसत. ताकसुद्धा फुंकून पिणारी माणसं असतात. हे ताक घुसळताना हजर राहायचं म्हणाले असते.

फोन तर ते घेतच नसत. "तोंडी व्यवहार आमी करत न्हाई. लिवून पाठवा." दोघंजण कोपऱ्यात हसताना दिसले, की हातातलं काम टाकून यायचे. "काय चाललंय?" काही नाही साहेब, सहज. "सहज कुणी हसत न्हाई." आणि जाता जाता भिंतीकडे बोट दाखवायचे. "हिला कान असत्यात."

वर्षातून एकदा कंपनीत वैद्यकीय तपासणीची गाडी येते. रक्त घेतात, डोळे बघतात, एका बंद खोलीत बसवून कान तपासतात. बरोबर त्याच दिवशी साहेबांच्या सर्व्हरमध्ये बिघाड निघायचा आणि त्यांना जागेवरून हलता यायचं नाही. आम्ही म्हणायचो, ह्यांचा डॉक्टरवरही विश्वास नाही, नेलेल्या रक्ताचं काय करतात याचा त्यांना संशय असणार. संशयाला औषध नाही म्हणतात, मग संशयी माणूस तपासणीला जाऊन तरी काय करणार?

अशा माणसाच्या हाताखाली लातूरकडची एक मुलगी इंजिनियर म्हणून आली. थेरगावात डांगे चौकाजवळ मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची आणि माझ्याच बसनं यायची. वडिलांची पिठाची गिरणी, धाकट्या भावाचं शिक्षण चाललेलं, आणि घरात पगार म्हणून येणारा हा पहिलाच. ती अजून कायम झालेली नव्हती. कायम करायचं की नाही हे साहेबांच्या शब्दावर होतं, आणि साहेबांचा शब्द म्हणजे काय हे आम्हाला माहीत होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला विचारलं, आधीची नोकरी का सोडली? तिनं सांगितलं. "पुन्हा सांगा." तिनं पुन्हा सांगितलं, शब्दही न बदलता, थोडं हळू आणि थोडं मोठ्यानं. साहेब जरा चमकले. ती रडणार की नाही, यावर आमची पैज लागली होती. पैज हरलेल्या तावड्यांनी चहा पाजला.

हे तावडे म्हणजे आमचे अकाउंट्सवाले. त्यांचं टेबल सर्व्हरच्या काचेच्या खोलीला चिकटून. सर्व्हरवर आमची सगळी कंपनी उभी होती. हजेरी, ऑर्डरी, मालाच्या पेट्यांवर चिकटवायची लेबलं, सगळं त्याच्यातून निघायचं. तो बसला की भरलेल्या गाड्या गेटावर उभ्या. त्या पावसाळ्यात एका दुपारी वीज कडाडली आणि सर्व्हरचं नेटवर्क कार्ड, म्हणजे त्याला बाकीच्या मशीनशी जोडणारी पट्टी, ते गेलं. सर्व्हर ज्या कंपनीचा, तिचंच कार्ड मागवलं तर यायला महिना लागणार होता. मुलीनं दुसऱ्या कंपनीचं कार्ड शोधून आणलं. आणताना साहेबांनी बिल बघितलं, खोकं बघितलं, खोक्याचा वाससुद्धा घेतला. कार्ड बसवलं. लेबलं छापायला लागली, गाड्या सुटल्या. आणि सर्व्हरचे पंखे जे सुटले ते थांबेचनात.

तो आवाज कसा होता म्हणून सांगू. खोलीत गिरणी चालू केल्यासारखा. तावडे फोनवर बोलत होते ते फोन घेऊन जिन्यात पळाले. आम्ही सगळे खुर्च्या मागे सारून उभे राहिलो. साहेब तेवढे बाहेरून आले, खुर्चीवर बसले, बाटलीतलं पाणी प्याले आणि चष्मा पुसला. जणू काही झालेलंच नाही. आम्ही एकमेकांकडे बघितलं. आम्हाला वाटलं, ह्यांना सगळं ठाऊक आहे, आता आपण काय करतो ते बघतायत. मग ते सर्व्हरच्या कपाटापाशी गेले, सवयीनं त्यावर तळवा टेकला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"ह्ये थरथरतंय कशापायी?"

मुलगी त्यांच्या समोर गेली. "सर, फॅन जोरात फिरायलेत. कार्ड दुसऱ्या कंपनीचं आहे, सर्व्हरला त्याची ओळख पटंना. कार्ड किती तापतंय हे त्याला कळंना, म्हणून खबरदारी म्हणून सगळे फॅन फुल केलेत त्यानं. कार्डात काही खोट नाही. एक कमांड दिली की थांबतील. देऊ का?"

साहेब तिच्या तोंडाकडे बघत होते. यावेळी "पुन्हा सांगा" म्हणाले नाहीत. कपाटाकडे वळले, आणि मी शपथेवर सांगतो, त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं.

"शाणं हाय मशीन," ते म्हणाले. "परका मानूस घरात शिरलाय, वळख न्हाई, पाळख न्हाई. दार उगडं टाकून झोपंल का? ऱ्हाऊ द्या. त्याला संशय हाय तवर ऱ्हाऊ द्या."

"पण सर, आवाज..."

"कार्डावर नजर ठिवतोय मी. आन तुमच्यावर बी."

झालं. पंखे सुरूच राहिले. दिवस गेले, आठवडे गेले. आम्ही ओरडून बोलायला शिकलो. साधं पेन मागायचं तरी उठून समोरच्याच्या तोंडासमोर जावं लागे. घरी गेल्यावर मी बायकोशी त्याच पट्टीत बोलायचो आणि ती म्हणायची, भांडताय कशाला. मुलीचं कायम होण्याचं मात्र लटकून राहिलं. मुदत संपत आली तरी साहेब म्हणत, "कार्डाचं बगू, मंग तुमचं बगू."

आणि याच काळात साहेब बदलले. एरवी आपल्या खुर्चीत भिंतीला पाठ लावून बसणारा माणूस आता तासन्‌तास त्या काचेच्या खोलीत, पंख्यांच्या मध्यात बसायला लागला. ज्याला यायचं त्याला तिथेच बोलवायचा. स्टोअरचा माणूस, ट्रकचा ड्रायव्हर, प्रेस शॉपचा सुपरवायझर, सगळे आत जात, त्यांच्या तोंडासमोर उभे राहून बोलत. बाहेर आम्हाला एक अक्षर ऐकू येत नसे, नुसती हलणारी तोंडं दिसत. एकदा तर साहेब हसताना दिसले. ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारून, मान मागे टाकून. मी त्यांना तोवर हसताना बघितलंच नव्हतं, आणि ते दृश्य मला अजिबात आवडलं नाही.

तावड्यांनी मला जिन्यात गाठलं. "राव, विचार करा. जिथं आपलं आपल्याला ऐकू येत नाही, तिथं माणूस कशाला बसेल?"

"कशाला?"

"दुसऱ्याला ऐकू येऊ नये म्हणून. पंखे बंद करायला एक कमांड पुरते, ती पोरगी रोज सांगते, आणि हा करू देत नाही. आवाजाच्या आड काहीतरी शिजतंय. उद्या भानगड बाहेर आली की कार्ड कुणी बसवलं? पोरीनं. पोरगी घरी, आणि तिच्या जागेवर ह्यांचा कुणीतरी भाचा-पुतण्या."

आता तावड्यांच्या बोलण्यातलं निम्मं मी एरवी सोडून देतो. पण हे डोक्यात बसलं. इतकी वर्षं आमच्यावर पाळत ठेवणाऱ्या माणसावर मी पाळत ठेवायला लागलो, आणि खरं सांगायचं तर त्यात मजा येत होती. कोण आत गेलं, किती वेळ होतं, बाहेर येताना चेहरा कसा होता. स्टोअरवाल्याला आडून विचारलं, काय बोलत होते रे साहेब? तो म्हणाला, "पोरीच्या लग्नाचं विचारत होते. हॉल कुठला घेतला म्हणून." पंचनामासाहेब आणि लग्नाची चौकशी? माझा संशय दुप्पट झाला.

शेवटी एका दुपारी ते आत एकटेच, दाराकडे पाठ करून बसलेले दिसले. मोबाइल हातात होता. रंगेहाथ पकडायचं म्हणून मी दार उघडून आत गेलो आणि अगदी मागे जाऊन उभा राहिलो. मोबाइलवर नातवाचा फोटो होता. मी हाक मारली, "साहेब." काही नाही. पुन्हा मारली, पंख्यांच्या वरताण. मान हलली नाही. मला वाटलं, मुद्दाम करतायत. तिसरी हाक मारणार तेवढ्यात कुणीतरी माझी बाही ओढली. ती मुलगी होती. तिनं मला बाहेर जिन्यात आणलं.

"मागून कशाला हाक मारायलाव? ऐकू येत नाही त्यांना."

"एवढ्या आवाजात कुणालाच..."

"आवाज नसला तरी येत नाही. आवाज असला की उलट बरं येतं." माझ्या चेहऱ्यावरचा गोंधळ बघून ती पायरीवर बसली. "आमच्या बाबांचं असंच आहे. गिरणीत कान गेले. गिरणीत सगळे समोर येऊन मोठ्यानं बोलतात, तिथं त्यांना सगळं कळतं, हसतात, गप्पा मारतात. घरी आले की सगळं हळू. मग आई काय बोलली, भाऊ का हसला, माझ्याबद्दलच बोलायलेत का. घरी नुसता संशय. मी पहिल्याच दिवशी ओळखलं सरांना."

तोंडाकडे लावलेली टक, "पुन्हा सांगा", लिहून पाठवा, समोर या, तपासणीच्या दिवशी न चुकता येणारा बिघाड, एकेक गोष्ट आपली आपण जागेवर जाऊन बसली. ज्याला आम्ही उलटतपासणी म्हणत होतो ते त्या माणसाचं ऐकणं होतं. मला फार वाईट वाटलं, आणि थोडं हसूही आलं, कारण आम्हीही त्याला कुजबुजण्याशिवाय दुसरं काही दिलं नव्हतं.

"मग सांगत का नाहीस कुणाला? तुझी नोकरी टांगलीये त्याच्यापायी."

"त्यांचं आहे ते. त्यांनी सांगायचं," ती म्हणाली. "कान गेले म्हणून कळलं तर त्यांना काढतील, ही भीती असंल. मी कोण सांगणारी?"

ती निवांतपणा दाखवत होती, पण बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिची मुदत त्याच आठवड्यात संपत होती.

दुसऱ्याच दिवशी धाकट्या मालकांनी साहेबांना आणि डिस्पॅचचा म्हणून मला केबिनमध्ये बोलावलं. आमचा माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीची माणसं पाहणीला येणार होती आणि मालकांना ऑफिसात तो आवाज नको होता. धाकटे मालक शिकलेले, स्वभावानं मऊ. बोलायचे पुटपुटल्यासारखं, मान खाली घालून, मोबाइलवर बोट फिरवत. केबिनमध्ये गालिचा, एसी, सगळं शांत.

"ते कार्ड काढून टाका," ते मोबाइलकडे बघत म्हणाले. "आणि ती जी नवीन मुलगी आहे, तिनंच बसवलंय ना? तिला थांबवू या. मुदत संपतेच आहे. चालेल ना तुम्हाला?"

मी साहेबांकडे बघितलं. ते मालकांच्या तोंडाकडे बघायचा प्रयत्न करत होते, पण मालकांचं तोंड मोबाइलमध्ये होतं. साहेबांनी मान हलवली. "व्हय साहेब," ते म्हणाले. "तुमी म्हंता तसं."

मालकांनी मान हलवली. विषय संपला.

बाहेर आलो. मुलगी दारातच उभी होती. माझा चेहरा बघून ती समजली. साहेबांनी तिचा चेहरा बघितला, मग माझा, आणि त्यांच्या कपाळावर नेहमीची आठी चढली. "काय झालं? काय लपवताय?"

मी त्यांच्या अगदी समोर जाऊन उभा राहिलो. ऑफिस ऐकतंय याची पर्वा न करता मोठ्यानं, सावकाश म्हणालो, "साहेब, मालक म्हणाले हिला काढू या. तुम्ही हो म्हणालात."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. या खेपेला काही लपवल्यासारखं वाटलं नाही. साहेबांनी एकदा मुलीकडे बघितलं. ती खाली बघत होती. त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा संशय उतरला आणि तिथे दुसरंच काहीतरी आलं, जे मी त्यांच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं. ती लाज होती. ते वळले आणि दार न वाजवता केबिनमध्ये गेले. दार उघडंच राहिलं. मीही मागोमाग गेलो.

"साहेब, त्यो मोबाइल खाली ठिवा," ते म्हणाले. "आन माज्याकडं बगून बोला. मगाशी तुमी काय बोलला त्ये मला ऐकू आलं न्हाई. मला ऐकूच येत न्हाई."

धाकट्या मालकांनी मान वर केली. मोबाइल हळूच टेबलावर ठेवला.

"पंखं मी चालू ठिवलं. पोरीनं पयल्याच दिशी सांगितलं व्हतं, बंद करू का म्हून. मीच न्हाई म्हनलो. पंखं चालू असलं की मानसं समोर यिऊन बोलत्यात, मोठ्यानं बोलत्यात. मला बरं वाटलं. तिला काडायचं असंल तर आदी मला काडा."

"केव्हापासून ऐकू येत नाही?" मालकांनी विचारलं. आवाज चढवून विचारलं, आणि तोंडाकडे बघू दिलं.

"तुमच्या वडलांच्या प्रेसवर व्हतो, तवापासनं."

खालून प्रेसची धाडधाड गालिच्यातून पायाला लागत होती. मालक उठून टेबलाच्या या बाजूला आले, साहेबांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "कुणालाही काढायचं नाही."

पुढे कंपनीनं साहेबांना कानात घालायचं यंत्र घेऊन दिलं. ते त्यांनी काही दिवस घातलं आणि मग खिशात ठेवायला लागले. "हे ऐकलेलं कुणाला पाठवतंय, काय ठावं?" कान बरे झाले म्हणून माणूस बदलतोच असं नाही. निवृत्त होईपर्यंत ते आम्हाला समोर बोलावत राहिले आणि आम्ही जात राहिलो, एवढंच. त्यांच्या मागे कुणी त्यांना पंचनामासाहेब म्हणेनासं झालं. तोंडावर म्हणायला लागलो.

पण मला आठवते ती केबिनमधून बाहेर आल्यानंतरची दुपार. साहेब काचेच्या खोलीत गेले. रुमाल काढला, आम्हाला वाटलं आता पसरतील. त्यांनी त्यानं तोंड पुसलं आणि खिशात ठेवला. सगळ्यांदेखत, उघड्या कीबोर्डवर पासवर्ड टाकला आणि खुर्ची मुलीकडे सरकवली. "घ्या. करा गप त्याला. कार्ड भरवशाचं हाय."

तिनं कमांड दिली. पंख्यांचा आवाज उतरत उतरत गेला आणि ऑफिसात इतकी शांतता झाली, की खालच्या प्रेसची धाडधाड ऐकू यायला लागली. साहेब कपाटावर तळवा टेकून उभे होते. आमच्या चेहऱ्यांवरून त्यांची नजर फिरत होती.

"थांबलं?"

"थांबलं सर," मुलगी त्यांच्या समोर येऊन म्हणाली.

ते तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. मी टेबलावरून उठून समोर गेलो आणि सांगितलं, थांबलं. तावडे उठले, त्यांनीही समोर येऊन सांगितलं. मग बाकीचे एकेक करून आले. साहेबांनी प्रत्येकाच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं आणि मगच कपाटावरचा हात काढला.

"सगळ्यांची जबानी सारखी हाय," ते म्हणाले. "म्हंजी थांबलं असंल."